मांजराची मंद तहान

भरलेली वाटी सोडून बोका बेसिनच्या नळाखाली मान वाकडी करून पाणी चाटतो, तेव्हा घरात हशा पिकतो. मांजराचा पूर्वज म्हणजे कोरड्या मुलखातलं आफ्रिकी रानमांजर. त्याला पाणी बरंचसं शिकारीतूनच मिळे. उंदराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणी असतं, पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत जेमतेम १०. घरच्या मांजराची तहान मात्र मंदच राहिली, त्यामुळे पाणी कमी पडतं. मग लघवी दाट होते, खडे धरू शकतात. बोक्याची मूत्रनलिका अरुंद, म्हणून तुंबण्याचा धोका त्यालाच जास्त. तो लिटर ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, कण्हतोय, थेंबही येत नाही? बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करू नका. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मध्यरात्र असली तरी डॉक्टर गाठा. एरवी ओलं खाणं द्या, दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा. नळच आवडत असेल, तर थोडा वेळ खुशाल सोडा.