स्वादुपिंडातली पाण्याची गाठ : देखरेखीचा वसा

ऑक्टोबर २०१९ मधली गोष्ट. मुतखड्याच्या कळांनी रात्रभर तळमळल्यावर सकाळी सीटी स्कॅन केला. खडा सापडला आणि चार दिवसांत पडूनही गेला. पण रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती, तिचा माझ्या दुखण्याशी काहीच संबंध नव्हता. स्वादुपिंडाच्या मधल्या भागात १४ मिलिमीटरची सिस्ट दिसते, पुढील तपासणी करावी, असे तीत लिहिले होते.

त्याच वर्षी मार्चमध्ये मनोहर पर्रीकर गेले होते. ‘स्वादुपिंड’ हा शब्द गोव्यात आणि महाराष्ट्रात घरोघरी पोचला तो त्यांच्या आजारपणामुळे, आणि पोचला तोही कर्करोगाला जोडूनच. बायकोने रिपोर्ट वाचला आणि काही न बोलता देवापाशी दिवा लावला.

मी डॉक्टर नाही. पदवी वाणिज्य शाखेची, आणि गेली तीस वर्षे नाद आहे तो मोडी कागदांचा आणि जमिनींच्या जुन्या मोजण्यांचा. कागद कोणाचा, कधीचा, मोजणी कोणी आणि कशाने केली, हे पाहिल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढे त्या नादाने शिकवले. त्याच सवयीने सहा वर्षे या गाठीबद्दल वाचत आलो, डॉक्टरांना विचारत आलो. त्यातून हाती आलेले येथे मांडतो. हा वैद्यकीय सल्ला नव्हे; मात्र डॉक्टरांसमोर बसताना कोणते प्रश्न विचारावेत, हे यातून कळावे.

जठरामागचा अवयव

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवे पसरलेले असते. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. डोके उजवीकडे, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात. शेपूट डावीकडे, प्लीहेपर्यंत. याच्या पोटातून एक नळी जाते. १६४२ साली इटलीतील पादुआ येथे योहान गेओर्ग विर्सुंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाला, फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या शवविच्छेदनात ती आढळली. त्याने तिचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतले, पण ही नळी नेमके काय करते ते त्याला उमगले नव्हते. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. आज आपल्याला माहीत आहे, की अन्न पचवणारा रस या नळीतून आतड्यात जातो. इन्सुलिन तयार करणारी पेशींची बेटे वेगळी. ती पाउल लांगरहान्सने १८६९ साली वर्णिली.

म्हणजे एकाच अवयवाकडे पचन आणि साखर अशी दोन खाती आहेत. तो इतका आत दडलेला, की हाताला लागत नाही, आणि पोटातील वायूमुळे साध्या सोनोग्राफीतही पुष्कळदा पुरता दिसत नाही. म्हणूनच सीटी आणि एमआरआय सर्रास होऊ लागेपर्यंत यातल्या बहुतेक गाठी कोणाला न कळता माणसाबरोबर जगत आणि त्याच्याबरोबरच जात.

गाठ म्हटली तरी सारख्या नव्हेत

सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. स्वादुपिंडात तिचे मुख्य प्रकार पाच, आणि पुढचे सगळे या प्रकारावर ठरते.

पहिली, स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर उरणारी खोटी सिस्ट. हिला स्वतःचे अस्तर नसते. पित्ताशयातील खडे, मद्य किंवा रक्तातील ट्रायग्लिसराइड अतोनात वाढणे ही सुजेची नेहमीची कारणे. ही गाठ कर्करोगात बदलत नाही आणि पुष्कळदा आपोआप जिरते. दुसरी, पातळ पाण्याची सिरस गाठ. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक कप्प्यांची, जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी. तिसरी चिकट द्रवाची, बहुतांशी मध्यमवयीन स्त्रियांत आणि स्वादुपिंडाच्या मध्यात किंवा शेपटीत आढळणारी. हिच्यात कर्करोगाची शक्यता असते. चौथी तरुण मुलींत आढळणारी भरीव-पोकळ अशी मिश्र गाठ. शस्त्रक्रियेने ती बहुधा कायमची बरी होते.

पाचवी आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांची. तिचे नाव आयपीएमएन. नळीच्या अस्तरातील पेशी चिकट द्रव स्रवू लागतात आणि नळी फुगते. जपानमध्ये ओहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हा आजार प्रथम नीट मांडला. यात एक भेद जीवनमरणाचा आहे. मुख्य नळीच फुगली असेल तर धोका मोठा. अशा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत सुमारे ६० टक्क्यांमध्ये कर्करोग किंवा त्याची अगदी अलीकडची पायरी आढळली आहे. केवळ एखादी फांदी फुगली असेल तर धोका कितीतरी कमी. माझी गाठ फांदीवरची.

भीतीचे माप

सिस्ट किती जणांत असते? प्रतिबंधक तपासणी म्हणून एमआरआय केलेल्या २,८०३ जणांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २.४ टक्के लोकांत ती दिसली. पुढे २०१८ साली जर्मनीतील पोमेरेनिया भागातल्या सर्वसामान्य लोकांचा अभ्यास आला. त्यात २ मिलिमीटरपासूनच्या गाठी मोजल्या, तेव्हा प्रमाण निघाले ४९ टक्के! लोक बदलले होते, पण त्याहून यंत्राची नजर आणि मोजायची मर्यादा बदलली होती.

अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने २०१५ साली हिशेब मांडला, की अशा गाठीचे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका वर्षाला सुमारे ०.२४ टक्के, म्हणजे हजारात दोन-तीन. हा आकडा वाचून मी पहिल्यांदा नीट झोपलो. पण तो सरसकट सगळ्यांचा आकडा आहे. हजारातले ते दोन-तीन कोण, हे आधी ओळखता यावे यासाठीच देखरेख असते.

मग सरळ काढूनच का टाकू नये? कारण स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया ही अपेंडिक्सची नव्हे. गाठ डोक्यात असेल तर स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनळीचा तुकडा असे सगळे काढून नवी जोडणी करावी लागते. अनुभवी केंद्रांतही शंभरात एक ते तीन रुग्ण दगावतात आणि तीस-चाळीस जणांना काही ना काही गुंतागुंत होते. मधली किंवा शेपटीची गाठ काढताना निम्मे स्वादुपिंड आणि बहुधा प्लीहाही जाते. मधुमेह मागे लागू शकतो तो वेगळाच.

सेंदाई ते क्योटो

कोणाला कापायचे आणि कोणाला नुसते पाहत राहायचे, याचे आंतरराष्ट्रीय नियम जपानच्या पुढाकाराने ठरत आले. २००६ चे नियम सेंदाईच्या नावाने, २०१२ आणि २०१७ चे फुकुओकाच्या, तर २०२४ चे क्योटोच्या नावाने ओळखले जातात. त्यांचा गाभा सोपा आहे.

कावीळ होणे, गाठीच्या आतल्या भिंतीवर ५ मिलिमीटर किंवा मोठा, रक्तपुरवठा असलेला भरीव कोंब दिसणे, किंवा मुख्य नळी १० मिलिमीटर वा अधिक रुंद होणे ही मोठ्या धोक्याची चिन्हे. प्रकृती झेपणारी असेल तर यात शस्त्रक्रियेचा विचार होतो. दुसरी यादी काळजीच्या चिन्हांची : गाठ ३ सेंटिमीटर किंवा मोठी, नळी ५ ते ९ मिलिमीटर, भिंत जाड होणे, स्वादुपिंडाला सूज येणे, सीए १९-९ हा रक्तातील घटक वाढणे, गाठ भराभर वाढणे, आणि क्योटोच्या यादीत मधुमेह नव्याने होणे किंवा असलेला एकाएकी बिघडणे.

काळजीचे चिन्ह दिसले, की बहुधा एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करतात. दुर्बीण जठरात नेऊन तेथूनच, अगदी शेजारून, स्वादुपिंड पाहायचे आणि गरज वाटल्यास सुईने गाठीतला द्रव काढायचा. द्रवात सीईए हा घटक १९२ नॅनोग्रॅमहून जास्त असेल तर गाठ चिकट द्रवाची असण्याचा संभव अधिक. पण गाठ चिकट आहे एवढेच तो सांगतो, कर्करोग आहे की नाही ते सांगत नाही. गंमत म्हणजे द्रवातली साधी साखरही हेच काम चांगले करते. ती ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर गाठ चिकट द्रवाची असण्याकडे कल. एवढ्या यंत्रांच्या गर्दीत ही सर्वांत स्वस्त चाचणी.

चिन्हे नसतील तर क्योटोचे वेळापत्रक असे : गाठ २ सेंटिमीटरच्या आत असेल तर सहा महिन्यांनी एकदा, आणि बदल नसल्यास पुढे दर १८ महिन्यांनी. २ ते ३ सेंटिमीटर असेल तर सहा महिन्यांनी दोनदा, मग वर्षातून एकदा. त्याहून मोठी असेल तर दर सहा महिन्यांनी. शक्यतो एमआरआय बरा. त्यात क्ष-किरण नसतात आणि द्रव पांढरा शुभ्र उठून दिसतो.

चौदा की एकोणीस?

माझी सहा महिन्यांची तपासणी एप्रिल २०२० मध्ये होती. टाळेबंदी लागली आणि ती राहिली. सप्टेंबरमध्ये वेगळ्याच केंद्रात एमआरआय केला. रिपोर्ट आला : १९ मिलिमीटर. वर्षाच्या आत पाच मिलिमीटर वाढ! तेव्हाच्या नियमांत दोन वर्षांत ५ मिलिमीटर वाढ हेसुद्धा काळजीचे चिन्ह होते. ज्या शल्यविशारदांना दाखवले त्यांनी दोन आकडे पाहिले, फिल्म पाहिल्या नाहीत, आणि शस्त्रक्रियेची तारीख सुचवली.

घरी येऊन दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले, आणि जमिनीच्या मोजण्या आठवल्या. एकाच शेताची दोन क्षेत्रे निघतात ती शेत वाढते म्हणून नव्हे. एकाने साखळी लावलेली असते, दुसऱ्याने यंत्र, आणि एकाने बांध आत धरलेला असतो, दुसऱ्याने बाहेर. दोन्ही सीडी घेऊन एका वयस्कर रेडिओलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली. पहिल्या केंद्राने गाठ आडव्या छेदात मोजली होती. दुसऱ्याने उभ्या छेदात तिची सर्वांत लांब बाजू धरली होती, तीही शेजारचा एक छोटा फुगवटा जमेस धरून. एकाच रीतीने पुन्हा मोजल्यावर आकडे निघाले १४ आणि १५. एवढा फरक मोजणाऱ्याच्या हाताचाही असतो. मुख्य नळी दोन्हींत तीन मिलिमीटरच्या आत, कोंब कुठेही नाही. ठरलेली तारीख रद्द केली.

तेव्हापासूनचे नियम हे : शक्यतो एकच केंद्र, एकच पद्धत. फिल्म आणि सीडी दोन्ही जपायच्या, नुसता छापील रिपोर्ट नव्हे. आणि प्रत्येक वेळी रेडिओलॉजिस्टला जुन्या चित्रांशी, आणि केवळ मागच्या वेळच्या नव्हे तर अगदी पहिल्या चित्राशी, तुलना करायची विनंती करायची. दर वेळी एक मिलिमीटर वाढणारी गाठ मागच्या चित्राशेजारी ठेवली तर कधीच वाढलेली दिसत नाही.

गाठीपलीकडे

वाचताना आणखी एक गोष्ट कळली, जी मला कोणी सांगितली नव्हती. आयपीएमएन असलेल्या माणसाला कर्करोग होतो तो दर वेळी त्या गाठीतच होतो असे नाही. स्वादुपिंडात दुसरीकडेही होऊ शकतो. म्हणून पाहायचे ते सगळे स्वादुपिंड. पन्नाशीनंतर घरात कोणाला नसताना अचानक मधुमेह होणे, वजन घटणे, पाठीत शिरणारी वेदना, तेलकट, पाण्यावर तरंगणारा शौच, यातले काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. आपल्याकडे मधुमेह इतका घरचा झाला आहे, की नव्याने आलेली साखर कशाची, हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेचा एक प्रकार तर उष्ण कटिबंधाच्या नावानेच ओळखला जातो. १९६० च्या दशकात केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी त्याचे शेकडो रुग्ण नोंदवले. लहानपणी पोटदुखी, तारुण्यात मधुमेह, स्वादुपिंडात खडे, आणि मद्याचा स्पर्श नाही. दोष आधी गरिबांच्या टॅपिओकावर, म्हणजे साबुदाण्याच्या कंदावर गेला. पुढे भारतीय संशोधनात अशा अनेक रुग्णांत स्पिंक-१ या जनुकातील बदल सापडला. म्हणून स्वादुपिंडाचा रुग्ण दिसला की ‘पीत असणार’ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निकाल पुष्कळदा अन्यायाचा असतो. अशा रुग्णांना जेवणासोबत पाचक रसांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. जेवणाच्या आधी किंवा नंतर तासाभराने घेतल्या तर त्यांचा उपयोग होत नाही.

आपल्या हाती असलेले मोठे काम म्हणजे तंबाखू सोडणे. धूम्रपानाचा संबंध सर्वांना ठाऊक आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने न ओढायच्या तंबाखूलाही स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे कारण मानले आहे. चुना लावून दाढेत धरलेली चिमूटही त्यात आली.

थांबायचे कधी?

माझ्या आत्याला ८२ व्या वर्षी, पडल्यावर केलेल्या स्कॅनमध्ये २२ मिलिमीटरची गाठ दिसली. हृदय कमजोर. डॉक्टरांनी सांगितले, आता पुन्हा तपासणी करू नका. आतेभावांना वाटले, म्हातारी म्हणून सोडून दिले. त्यांना समजावताना मलाच ते नीट समजले. देखरेखीला अर्थ असतो तो वेळ आल्यास शस्त्रक्रिया करता येणार असेल तर. ती होणार नसेल, तर प्रत्येक एमआरआय नुसती भीती विकत घेण्यासारखा. आत्या पुढे तीन वर्षे आनंदात जगली आणि हृदयविकाराने गेली.

क्योटोच्या नियमांनुसार पाच वर्षे न बदललेल्या लहान गाठीची देखरेख थांबवण्याचा विचार करता येतो. माझी पाच वर्षे भरली, तेव्हा डॉक्टरांनी हा पर्याय समोर ठेवला. गाठ आता १६ मिलिमीटर. मी ५७ वर्षांचा, शस्त्रक्रिया झेपेल अशी प्रकृती. आम्ही दोघांनी मिळून ठरवले, की इतक्यात थांबायचे नाही, १८ महिन्यांचा हप्ता चालू ठेवायचा. सत्तरी उलटल्यावर हा प्रश्न पुन्हा विचारायचा.

कपाटात मोडी कागदांच्या शेजारी आता एक निळी फाइल आहे. पहिल्या पानावर मी रकाने आखले आहेत : तारीख, केंद्र, पद्धत, कोणत्या छेदात मोजले, गाठ, मुख्य नळी, कोंब, साखर, वजन. घरात कोणालाही ती उघडून कळेल अशा अक्षरात. पुढची तारीख या दिवाळीनंतरची आहे, आणि बायकोने ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली लिहून ठेवली आहे.