समाजसेवकांची तालीम : बंगळूरचा एक आढावा

समलिंगी आणि पारलिंगी तरुणांना आधार देणारा व्यावसायिक समाजसेवक कसा घडवावा, या प्रश्नाचा बंगळूरातील इतिहास विद्यापीठांच्या छापील अभ्यासक्रमांवरून लिहू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही. कारण त्या पुस्तिकांवरून हा विषय ‘विकृतीं’च्या प्रकरणातून निघून ‘वंचित घटकां’च्या प्रकरणात केव्हा दाखल झाला एवढाच बोध होतो, परंतु घर सोडून मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर उतरलेल्या सोळा वर्षांच्या मुलापाशी पहिले वाक्य कोणते बोलावे, याचा पत्ता त्यांत लागत नाही. या शहरात अध्यापन करण्यात आयुष्य गेल्यानंतर माझी ठाम धारणा झाली आहे की, ही विद्या वर्गात येत नाही. ती क्षेत्रकार्यात, आणि तेही ज्यांनी हे जिणे स्वतः भोगले आहे अशा मार्गदर्शकांच्या हाताखाली येते. या आग्रहाला एकांगी म्हणणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्यांचा परामर्श पुढे घेईन.

मराठी वाचकाला या विषयाची पूर्वपीठिका परकी वाटण्याचे कारण नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना शास्त्रीय आणि निर्भीड उत्तरे दिली जात, आणि त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत. त्या उत्तरांपायीच 1934 साली त्यांच्यावर खटला चालला, डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, आणि तरीही दोनशे रुपयांचा दंड झाला. दोनच वर्षांनी मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. परंतु लाजून, घाबरून पत्र लिहिणाऱ्या माणसाला दूषण न देता उत्तर कसे द्यावे, ही कर्व्यांची हातोटी आपल्या व्यावसायिक शिक्षणात उतरावयास पुढे कित्येक दशके लागली. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलिंगी कल आजारांच्या यादीतून वगळला, हे सर्वश्रुत आहे. त्यावर पाने खर्चीत नाही.

बंगळूरात प्रारंभ झाला तो विद्यापीठाबाहेर. 1994 साली ‘गुड ॲज यू’ हा मित्रगट जमू लागला. 1999 मध्ये ‘संगमा’ ही संस्था प्रथम केवळ दस्तऐवजांचे केंद्र म्हणून उघडली. आणि त्याच सुमारास ‘स्वभाव’ या न्यासाने ‘सहाय’ नावाची दूरध्वनी-सेवा चालू केली. ‘संगमा’त कार्यालयीन सहायक म्हणून रुजू झालेल्या आणि पुढे तिच्या संचालकपदापर्यंत पोहोचलेल्या ए. रेवती यांच्यासारख्या व्यक्तींनी जे शिकविले, ते पदवीधरांपैकी कोणालाच येत नव्हते. लोकस्वातंत्र्य संघटनेच्या कर्नाटक शाखेने 2001 आणि 2003 साली प्रसिद्ध केलेले दोन अहवाल हीच माझ्या विद्यार्थ्यांची पहिली क्रमिक पुस्तके होत. पोलीस ठाणे, घर, दवाखाना आणि रस्ता यांचे त्यांतील वर्णन वाचून कित्येकांची झोप उडाली, आणि ती उडणे आवश्यकच होते.

दूरध्वनीविषयी मला थोडे विस्ताराने लिहू द्यावे. फोन करणाऱ्यांपैकी पुष्कळजण प्रारंभी बोलतच नाहीत. श्वास ऐकू येतो, मागे घरातला दूरदर्शनसंच चालू असतो, आणि नवशिक्या समुपदेशकाला त्या शांततेचा इतका धाक वाटतो की, तो ‘हॅलो, हॅलो’ करून समोरच्याला फोन ठेवावयास भाग पाडतो. एका सेवेत माझी एक बेळगावकडची विद्यार्थिनी मराठी बोलणाऱ्यांसाठी बसत असे. एके संध्याकाळी एका आईचा फोन आला. मुलाचे लग्न ठरले आहे, तो नको म्हणतो, त्याला मुलींत रस नाही, काही इंजेक्शन मिळेल का, असे त्या बाईंनी रडत विचारले. विद्यार्थिनीने हा आजार नव्हे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या दाखल्यासह समजावून दिले, आणि बाईंनी फोन ठेवला. नंतर तिची क्षेत्रकार्याची वही तपासताना तिच्या मार्गदर्शक अक्कांनी, ज्या स्वतः हिजडा समाजातील होत्या आणि ज्यांचे शिक्षण शाळेपुरतेच झालेले होते, एवढेच विचारले, “अगं, लग्नाची तारीख विचारलीस का? तारीख परवाची असली तर त्या पोराच्या जिवाचा प्रश्न आजचा आहे. आणि घरात त्याच्याशी बोलतं कोण?” चार दिवसांनी त्या बाईंचा पुन्हा फोन आला, तेव्हा विद्यार्थिनीने प्रथम तारीख विचारली, आणि मुलाचे ऐकणारी एक मावशी आहे हे त्यातूनच कळले. व्यक्तिसहाय्य कार्यावरील कोणत्याही व्याख्यानाने मला हे इतक्या नेमकेपणाने शिकविता आले नसते.

आता विद्वानांविषयी. समाजसेवकाने तटस्थ राहावे, ‘योग्य’ वा ‘अयोग्य’ म्हणू नये, असा एका पक्षाचा उपदेश असतो. परंतु अरविंद नारायण आणि विनय चंद्रन यांनी मानसोपचाराच्या क्षेत्रातील वैद्यकीकरणाचा जो अभ्यास केला, आणि जो पुढे 2016 च्या ‘नथिंग टू फिक्स’ या ग्रंथात विस्तारला, तो वाचल्यावर तटस्थतेचे समर्थन करणे मला अशक्य वाटते; ज्या तरुणाला घर, शाळा आणि देऊळ तिन्ही ठिकाणी दोषी ठरविले गेले आहे, त्याच्यासमोर गप्प बसलेला समुपदेशक त्याच्या दृष्टीने चौथा फिर्यादी असतो. दुसरा पक्ष एका दिवसाच्या कार्यशाळेवर विसंबतो: सकाळी व्याख्या, दुपारी एखाद्या तृतीयपंथी पाहुण्याची कहाणी, सायंकाळी प्रमाणपत्र. त्या पाहुण्याला आपली जखम दरवेळी उघडी करावी लागते आणि हातात मानधनाचे पाकीट येते. शिकविण्याचा अधिकार मात्र येत नाही. याला मी प्रशिक्षण म्हणत नाही.

एड्स-निर्मूलनाच्या निधीचा कालखंड भरभर ओलांडतो. 2003 पासून गेट्स प्रतिष्ठानच्या ‘आवाहन’ योजनेमुळे कर्नाटकात पैसा आला, माणसे नेमली गेली, दवाखाने उघडले. पण तपशील निरोधांच्या वाटपाचा ठेवला जाई, आणि योजना प्रौढांसाठी असल्याने शाळकरी वयाची मुले तिच्या कक्षेबाहेर राहिली. त्यात 2012 च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक लैंगिक संबंधाची वर्दी देणे बंधनकारक केले. सतरा वर्षांच्या दोन मुलांनी एकमेकांवरील प्रेमाची गोष्ट विश्वासाने सांगितली तर करावयाचे काय, हा पेच त्यानंतर पडला. पुष्कळ समुपदेशकांनी त्या वयाच्या मुलांना प्रश्नच विचारणे सोडून दिले. बोलणे सुरू होण्यापूर्वीच, आपण कोणती गोष्ट गुप्त ठेवू शकतो आणि कोणती नाही, हे मुलाला प्रामाणिकपणे सांगावे, एवढा साधा पाठ आजही फार थोड्या ठिकाणी दिला जातो.

शहरातील हमामांकडे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम नेत असे. हिजडा समाजाची ही स्नानगृहे. तेथे पाणी तापते, ग्राहक येतात, गुरू आणि चेले राहतात, आणि घरातून हाकललेली पोरे आसरा मागतात. नवखा विद्यार्थी तेथे केवळ शोषण पाहतो, आणि शोषण तेथे आहेच; पण त्या पोराला रात्री जेवावयास कोणी घातले हे विचारल्याशिवाय त्याला तेथून उचलून सरकारी गृहाच्या हवाली करण्याची शिफारस लिहिणे, हे धोक्याचे आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मेचे जोगते आपल्या वाचकांना ठाऊक आहेत; त्याच परंपरेतील मंजम्मा जोगती यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा माझ्या वर्गातील उत्तर कर्नाटकातल्या मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आहे.

न्यायालयांचे निर्णय वाचकांना पाठ आहेत. प्रशिक्षणाच्या दृष्टीने मोलाच्या गोष्टी तीन: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांत लैंगिक कलावरून भेदभावास केलेली मनाई, 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी ‘बरे करण्या’च्या उपचारांवर बंदी घालून पोलीस, शिक्षक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या प्रबोधनाचा दिलेला हुकूम, आणि मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने 2019 पासून चालविलेला समुपदेशकांचा अभ्यासक्रम, ज्याच्या शिक्षकांत स्वतः त्या समाजातील माणसे आहेत. केतकी रानडे यांचा ‘ग्रोइंग अप गे इन अर्बन इंडिया’ हा 2018 चा ग्रंथ आणि पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ व ‘इंद्रधनू’ ही मराठी पुस्तके माझ्या विद्यार्थ्यांच्या हाती मी आग्रहाने ठेवली. उलटपक्षी, पारलिंगी मुलांच्या शालेय समावेशनाविषयी एनसीईआरटीने 2021 साली सिद्ध केलेली शिक्षकांसाठीची पुस्तिका आक्षेप येताच मागे घेतली गेली. आणि 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधील समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त घालण्यात आले. निषेधानंतर तो मजकूर काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, तथापि तो लिहिणारे हात अध्यापनातलेच होते.

आजची दशा पाहून मन विषण्ण होते. क्षेत्रकार्याची ती वही, जिच्या डाव्या बाजूस संभाषण शब्दशः, मध्ये विद्यार्थ्याच्या मनातील खळबळ आणि उजवीकडे मार्गदर्शकाचे शेरे असत, ती आता नामशेष होत चालली आहे. तिच्या जागी खुणा करावयाचे तक्ते आले आहेत, आणि तक्त्यात लग्नाची तारीख विचारली जात नाही. परदेशी देणग्यांवरील निर्बंधांनी लहान संस्था खिळखिळ्या झाल्या, त्यामुळे विद्यार्थी पाठवावयाचे तरी कोठे, हा प्रश्न आहे. 2022 च्या ऑक्टोबरात ‘टेली-मानस’ ही राष्ट्रीय दूरध्वनी-सेवा सुरू झाली आणि तिचे सर्वोच्च केंद्र बंगळूरच्या निमहान्समध्ये आहे. इतकी मोठी यंत्रणा या नगरीत उभी असताना, तिच्या प्रशिक्षणार्थींशेजारी अक्कांसारखी माणसे वेतनावर, नेमणुकीच्या पत्रासह, मार्गदर्शक म्हणून बसवावीत आणि पदवीची अट त्यांच्यापुरती शिथिल करावी, अशी माझी मागणी आहे. असाच मसुदा समाजकार्य विभागांसाठीही मी केला आहे. त्यात वेतनश्रेणी, कामाचे तास आणि वही तपासण्याचा अधिकार, तिन्ही स्पष्ट नमूद केले आहेत.