सीएनजी किटचा ईसीयू: दोष कुणाचा, खापर कुणावर

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे परिसरातले गणेशमूर्ती कारखानदार असोत की रोज पनवेल गाठणारे नोकरदार, पेट्रोलची गाडी घेऊन तिला बाहेरून सीएनजी किट बसवणं इकडे नवं राहिलेलं नाही. सिक्वेन्शियल किट म्हटलं की टाकी आणि नळ्यांबरोबर बॉनेटखाली आणखी एक संगणक, म्हणजे दुसरा ईसीयू येतो. मग गाडी झटके देऊ लागली किंवा इंजिन लाइट पेटला, की सगळं खापर त्याच्यावर फुटतं.

पहिला गैरसमज असा, की किट बसवल्यावर इंजिन नवा ईसीयू चालवतो. प्रत्यक्षात कारभार मूळ ईसीयूकडेच असतो. हवेचा दाब, तापमान, ऑक्सिजन सेन्सर वाचून पेट्रोलचा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे तोच ठरवतो. किटचा ईसीयू दुभाष्या. तो हुकूम मध्येच घेतो, आपल्या कोष्टकातल्या आकड्याने गुणतो आणि तेवढा वेळ गॅसचा इंजेक्टर उघडतो. पेट्रोलचे इंजेक्टर तेवढ्यापुरते बंद असतात, पण ते चालूच आहेत असं मूळ ईसीयूला भासवलं जातं. मुळातला हिशेब चुकला, तर गॅसचाही चुकणारच.

म्हणून गाडी आधी पेट्रोलवर तपासायची. इथे एक मेख आहे, आणि चांगले मेकॅनिकही तिथे फसतात. मूळ ईसीयू इंधन कमीजास्त करण्याचे धडे साठवून ठेवतो. स्कॅनरवर हे ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ म्हणून दिसतं. गॅसचं ट्यूनिंग बिघडलेलं असेल तर ते चुकीचे धडे पेट्रोलवरही लागू होतात. ‘पेट्रोलवरही झटके देते, म्हणजे किट निर्दोष’ हा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो. दोन-तीन दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा आणि मग स्टीअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावा. ट्रिमचा आकडा शून्याच्या आसपास आला आणि गॅसवर टाकताच हळूहळू 15-20 टक्क्यांवर चढला, तर दोष गॅसच्या बाजूला आहे: ट्यूनिंग, तुंबलेला फिल्टर किंवा गॅसचा दाब उतरवणाऱ्या रिड्यूसरचा दाब. पेट्रोलवरच जास्त राहिला, तर मूळ गाडी बघा. किट बसवताना हात लागलेल्या व्हॅक्यूम नळ्या, वायरींचे जोड आणि अर्थिंगही तपासा. खारेपाटाच्या हवेत उघडा जोड लवकर गंजतो.

बॅटरीचा टर्मिनल काढून लाइट घालवणं हा तर सर्रास चालणारा इलाज. त्याने लाइट जातो, पण शिकलेले धडे जातात, आणि बिघाडाच्या क्षणी वेग, तापमान, भार किती होता याची ईसीयूने टिपलेली नोंदही बहुतेक वेळा जाते. पुरावा असा पुसल्यावर मेकॅनिकने शोधायचं काय?

चढावर गाडी मिस मारते म्हणून ट्यूनिंगवाल्याकडे धावू नका. पनवेलकडे जाताना कर्नाळा खिंडीत चौघांना घेऊन गाडी पेट्रोलवर निमूट चढते आणि गॅसवर अडखळते, तर आधी प्लग आणि कॉइल बघा. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर कसंबसं निभावणारा जुना प्लग गॅसवर उघडा पडतो. स्कॅनरने पी 0301 कोड दिला, तर पहिला सिलिंडर मिस मारतोय. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असेल तर पहिली आणि तिसरी अदलाबदल करा. कोड पी 0303 झाला, की कॉइल बदला. ट्यूनिंगच्या लॅपटॉपची गरजच नाही.

लॅपटॉप लागतो तेव्हाही गॅरेजमध्ये उभ्या गाडीवरचं ऑटो-कॅलिब्रेशन पुरत नाही. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर जायचं. पेट्रोल इंजेक्टरची वेळ 6 मिलिसेकंद होती आणि गॅसवर 7 दिसली, तर ईसीयू जास्त इंधन मागतोय, गॅस कमी पडतोय. कोष्टकातला त्या जागेचा आकडा वाढवायचा.

सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू होते हा बिघाड नव्हे. सुमारे 200 बारचा गॅस दाब उतरताना गारठतो, त्याला इंजिनच्या पाण्याची ऊब मिळेपर्यंत किट थांबतं. कूलंट कमी असेल तर मात्र ते थांबूनच राहतं.

बीएस-6 गाडीला बाहेरून किट चालतच नाही, हेही खरं नाही. 2022 पासून मान्यताप्राप्त किटला परवानगी आहे. मात्र पेणच्या आरटीओत आरसीवर नोंद हवी आणि टाकीची दर 3 वर्षांनी चाचणी हवी. ट्यूनिंग जमलं, की त्याची फाइल मागून घ्या. उद्या ईसीयू खरोखरच बदलावा लागला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको.