खड्ड्याला पाणी लागते तेव्हा

पायाची खोदाई भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्ड्याला पाणी लागते. महाराष्ट्रातल्या भेगाळ काळ्या दगडात ते फटींतून झिरपते. कोपऱ्यात खळगा करून मोटर लावली की बहुधा भागते. बारीक वाळूत मात्र हाच उपाय घातक ठरतो. तळातून वर येणारे पाणी वाळूचे कण उचलते, तळ उकळू लागतो आणि माणसाचे वजनही पेलेनासा होतो. रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनला इंग्लंडमधल्या किल्स्बी बोगद्यात अशीच वाळू लागली. ती आटोक्यात आणायला मिनिटाला सुमारे १,८०० गॅलन पाणी उपसावे लागले. बोगदा १८३८ मध्ये खुला झाला.

वाळूत पाणी खड्ड्यात येण्याआधीच धरावे लागते. त्यासाठीची वेलपॉइंट ही युक्ती साधी आणि फार देखणी आहे. दीडदोन इंची पाइप, त्याच्या टोकाला जाळी. पाण्याच्या जोरदार धारेने तो जमिनीत उतरवतात आणि भोवती भरड वाळू भरतात. खड्ड्याभोवती दर मीटर-दोन मीटरवर असे पाइप एका आडव्या नळाला जोडून निर्वात पंपाने ओढले की पातळी खड्ड्याच्या तळाखाली उतरते. सांधा एका ठिकाणी जरी हवा खाऊ लागला, तरी सगळ्या रांगेची ओढ मंदावते. हवेचा दाब पाणी १० मीटरच चढवू शकतो, प्रत्यक्षात पाच-सहा. त्याहून खोल जायचे तर टप्पे करावे लागतात किंवा खोल विहिरींत पाणबुडी पंप सोडावे लागतात.

उपशाचे पाणी बादलीत धरून थोडा वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वाळू साचली, तर पंप पाण्याबरोबर शेजारच्या इमारतीखालची जमीनही ओढत आहे.

स्वच्छ पाण्यानेही धोका संपत नाही. पातळी एक मीटर उतरली की खालच्या मातीच्या कणांवर चौरस मीटरला जवळपास एक टन भार वाढतो. मऊ चिकणमाती त्याखाली सावकाश, कधी महिनोन्‌महिने दबते आणि शेजारच्या भिंतींना तडे जातात. म्हणून उपसा सुरू होण्याआधीच शेजारच्या इमारतींच्या नोंदी घ्याव्यात, निरीक्षण नळ्यांतली पातळी रोज मोजावी आणि गरज पडल्यास पाणी बाहेरच्या बाजूने पुन्हा जमिनीत सोडावे.

तळघर बांधून झाले तरी पंप बंद करायची घाई नको. पातळीच्या पाच मीटर खाली असलेल्या तळाला पाणी चौरस मीटरला पाच टनांनी वर ढकलते. नुसत्या वजनाने ते दाबून धरायला दोन मीटर जाड काँक्रीट लागते. वीज गेली तरी उपसा थांबता कामा नये, म्हणून जनरेटर तयार ठेवतात. वरच्या मजल्यांचे वजन पुरेसे चढल्याचे अभियंत्याने हिशेबाने ठरवल्यावरच पंप बंद करतात.