पिल्ले एकाएकी का मरतात?

गेल्या पावसाळ्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर एक मावशी पदराखाली काहीतरी झाकून आमच्या दारात उभ्या राहिल्या. पदर बाजूला केला तेव्हा हातात महिनाभराचे मेलेले पिल्लू दिसले. "फादर, चौदा होती. तीन दिवसांत नऊ गेली. मानमोडीच आली, दुसरे काय! उरलेली पाच बाजारात विकून टाकते," त्या म्हणाल्या. ती पिल्ले मोठी करून मुलीच्या वसतिगृहाचे सामान घ्यायचे असे त्यांनी ठरवले होते, हे आम्हाला ठाऊक होते. कुणाच्या तरी सांगण्यावरून दोनरंगी कॅप्सूल फोडून त्यांनी पाण्यात घातल्या होत्या. गुण काहीच आला नव्हता.

पिल्लाच्या शेपटीखालची पिसे रक्ताने माखलेली होती. आम्ही ते परसात नेऊन चिरले. कोंबडी साफ करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते की आतड्याच्या शेवटाकडे बोटासारख्या दोन बंद पिशव्या असतात. या पिल्लात त्या फुगून काळपट लाल झाल्या होत्या आणि आत रक्ताच्या गुठळ्या होत्या. मानमोडीत या पिशव्या अशा रक्ताने भरत नाहीत. ही रक्ती हगवण होती. पशुवैद्य तिला कॉक्सिडिओसिस म्हणतात, आणि तिच्यावर औषध आहे. त्याच दिवशी औषध सुरू झाले आणि पाचांपैकी चार पिल्ले वाचली.

आपल्या इंद्रवेल्लीच्या आसपासच्या गुड्या-तांड्यांवर कोंबड्या मरू लागल्या की एकच नाव घेतले जाते, मानमोडी. मग एकतर "आता काही उरत नाही" म्हणून हात टेकायचे, नाहीतर मिळेल ते औषध पाजायचे. पहिल्याने बरी होऊ शकणारी पिल्ले मरतात, दुसऱ्याने पैसा जातो. ही चूक आम्हीही केली आहे, पण उलट्या बाजूने. एका उन्हाळ्यात आमच्या आवारातली पिल्ले धापा टाकू लागली तेव्हा "सर्दी असेल" म्हणून आम्ही चार दिवस औषधपाणी करीत बसलो. ती खरी मानमोडी होती. त्या चार दिवसांत रोग शेजारच्या तीन घरी पोचला.

म्हणून औषधाआधी चार गोष्टी पाहाव्यात: पिल्लांचे वय किती, विष्ठा कशी आहे, मान व पाय कसे आहेत, आणि आदल्या दिवशी ती कुठे चरली.

तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले असतील, हवा दमट असेल, पिसे फुलवून डोळे मिटून ती कोपऱ्यात उभी राहत असतील आणि विष्ठेत रक्त असेल, तर बहुधा रक्ती हगवणच. हा रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जिवाणूहून वेगळ्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो. त्याची अंडी म्हणावीत अशा गोष्टी विष्ठेतून बाहेर पडतात. पडताक्षणी त्या निरुपद्रवी असतात. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत "पिकतात" आणि मग पिल्लाने टिपल्या तर आतड्यात शिरून वाढतात. पाचव्या-सहाव्या दिवशी रक्त दिसू लागते. यातच सगळा उपाय आहे. काल रात्रीची विष्ठा आज सकाळी काढून टाकली तर तिला पिकायला वेळच मिळत नाही. चार दिवस खुराडे झाडले नाही तर पिल्ले तीच विष्ठा टिपत राहतात.

मोठ्या कोंबड्यांना या रोगाची सवय झालेली असते. त्या धडधाकट दिसतात, पण त्यांच्या विष्ठेतून रोग पडतच असतो. तेव्हा पिल्लांना मोठ्यांच्या जुन्या खुराड्यात कोंडू नये. आईसह वेगळे डालगे द्यावे. पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे, म्हणजे पिल्ले त्यात पाय बुडवीत नाहीत आणि भोवती चिखल होत नाही. फिनेल किंवा चुना टाकून हा परजीवी फारसा मरत नाही. खुराड्यात उकळते पाणी ओतावे आणि कडक उन्हात ते वाळू द्यावे. पावसाळ्यात ऊन मिळत नाही हे खरे. मग निदान भुसा कोरडा ठेवावा, ओला झाला की बदलावा.

औषध म्हणजे अँप्रोलियम. वीस टक्क्यांची पूड मिळते. पाच लिटर पाण्यास सहा ग्रॅम या प्रमाणात पाच दिवस आणि पुढे आठवडाभर निम्म्या प्रमाणात द्यावी. पूड किती टक्क्यांची आहे ते पाकिटावर वाचावे आणि घरी अंदाजाने चिमटी टाकण्यापेक्षा दुकानातूनच सहा-सहा ग्रॅमच्या पुड्या बांधून आणाव्यात. पाणी रोज ताजे करावे, दुसरे पाणी जवळपास ठेवू नये. आजारी पिल्लू दाणा सोडते तरी पाणी पीत राहते, म्हणून औषध पाण्यातून. आणखी एक सांगायचे म्हणजे, या दिवसांत ताकदीचे टॉनिक देऊ नये. हे औषध ब-१ जीवनसत्त्वाचे सोंग घेऊन परजीवीची उपासमार करते. टॉनिकमधून तेच जीवनसत्त्व दिले की औषधावर पाणी पडते.

आता मानमोडी. वय कुठलेही असो, पिल्ले चोच उघडी टाकून धापा टाकतात, विष्ठा हिरवट व पातळ होते, आणि मागाहून मान पिळवटते, पाय किंवा पंख लुळे पडतात, पिल्लू जागच्या जागी गोल फिरते. लस न दिलेल्या कळपात शेकडा नव्वदही मरू शकतात. हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडात न्यूकॅसलला नोंदला गेला आणि पाठोपाठ कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत गावी आढळला; म्हणून आपल्याकडे त्याचे सरकारी नाव राणीखेत. आपल्या तेलुगू भाषिक पशुवैद्यांशी बोलताना "कोक्केर तेगुलु" म्हणावे, ते लगेच समजतील. हा विषाणूचा रोग आहे. कॅप्सूल, गोळी, झाडपाला, कशानेही तो बरा होत नाही. त्यावर लस आहे, आणि मोठ्या कोंबड्यांना दिली जाणारी आर-टू-बी ही लस त्याच कुमाऊँतल्या मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात तयार झाली.

लस अशी: पहिल्या आठवड्यात, पाचव्या ते सातव्या दिवशी, लासोटा किंवा एफ-वन लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बीचे इंजेक्शन. आर-टू-बी लहान पिल्लांना कधीही टोचू नये, ती लसच त्यांना मारील. लस बर्फात आणावी आणि फोडलेली कुपी दोन तासांत संपवावी. रोग शिरल्यावर लस देऊन आजारी पिल्ले वाचत नाहीत.

रक्तही नाही, मानही सरळ, असे असेल तर इतर कारणे शोधावीत. आठ-पंधरा दिवसांच्या पिल्लांची पांढरी चुन्यासारखी विष्ठा शेपटीखाली चिकटून राहिली तर तो रोग बहुधा आईकडून अंड्यातून आलेला असतो. त्यातून जगलेली पिल्ले अंड्यांसाठी राखू नयेत. आणलेली वनराजाची एक दिवसाची पिल्ले पहिल्याच आठवड्यात मेली तर रोग शोधण्याआधी रात्रीची ऊब पाहावी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो आणि या पिल्लांना आईचे पंख नसतात. दिव्याखाली ती एकमेकांवर चढून गठ्ठा करीत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. आणि सकाळी ठणठणीत असलेली पिल्ले दुपारी तोंडातून लाळ गाळीत, पाय झाडीत मेली, तीही कपाशीकडे गेलेलीच, तर ते विष समजावे: फवारा, नाहीतर औषध लावलेले रंगीत बियाणे. पेरून उरलेले बियाणे अंगणात झटकू नये.

एक प्रसंग मात्र असा की तिथे चिरून पाहण्याच्या फंदात पडूच नये. लहानमोठ्या कोंबड्या एकाच वेळी पटापट मरत असतील, तुरे निळे पडत असतील, भोवताली कावळेही मरत असतील, तर हात न लावता आधी दवाखान्यात कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतात प्रथमच कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीरला कावळे मरू लागले, तेव्हा तपासात तोच निघाला. हा रोग माणसालाही होऊ शकतो. एरवीही मेलेले पिल्लू चिरल्यावर साबणाने हात धुवावेत, ते खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. ओढ्यात किंवा कुत्र्यापुढे टाकू नये.

राहता राहिला बाजार. आजारी कळपातली उरलेली पिल्ले विकायची आपल्याकडची रीत आम्हाला मुळीच पटत नाही. मावशींना आम्ही हेच सांगितले. त्या पिल्लांच्या पायांवरून रोग केसलापूरपर्यंत जातो आणि घेणारी बाईही कुणाच्यातरी वसतिगृहासाठीच ती घेत असते.

लसीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची येते आणि एका घरी पिल्ले दहा-बारा. त्यामुळे कुणी एकटा लस आणीत नाही. प्रत्येक गुड्याने आपली पिल्ले मोजून, किती दिवसांची आहेत त्यासह आकडा आम्हाला कळवावा. शंभराच्या आसपास भरली की पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एका संध्याकाळी सगळ्यांना एकदम थेंब देता येतील. त्या दिवशी पिल्ले सोडू नयेत, डालग्याखालीच ठेवावीत.