पेठेतलं जुनं घर घेताना

पुण्याच्या पेठेतलं जुनं घर बघायला गेलं की नजर आधी सागवानी तुळयांवर जाते. जावी, पण टोकांकडे. तुळई भिंतीत शिरते तिथेच ओल धरते. पेचकस सहज आत रुतला तर लाकूड कुजलंय. नुसत्या एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर मला तरी संशय येतो.

खरी किंमत मात्र जागेची. पुढे किती बांधता येईल, ते बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, सासरी गेलेल्या आत्यांच्याही. आणि मागच्या खोलीत जुना भाडेकरू असेल, तर १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला आहे. मालक बदलला म्हणून तो उठत नाही.