नारिंगी वायरला हात कोण लावणार?

सोमवारची सकाळ. साडेनऊला बाणेरमध्ये मुलाखत, मी कोथरूडच्या पार्किंगमध्ये, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा. सोबत मेसेज - हायब्रिड सिस्टिम तपासा. तपासा म्हणजे कुणी? मी? मास कॉमला आम्हाला कॅमेरा, न्यूज कॉपी आणि मीडिया लॉ शिकवला होता. बॉनेट कसं उघडतात हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्यात गाडी माझी नाही, दादाची. दादा दीड वर्षासाठी जर्मनीला ऑनसाइट गेलाय आणि जाताना किल्ली माझ्या हातात देत म्हणाला होता, ‘‘फक्त सर्व्हिसिंग वेळेवर कर. बॅटरीची वॉरंटी गेली तर मला फोन करू नकोस.’’ म्हणजे टेन्शन दिव्याचं कमी आणि दादाचं जास्त!

मुलाखतीला रिक्षाने गेले. संध्याकाळी घरात दोन पार्ट्या पडल्या होत्या. बाबांचं म्हणणं, गॅरेजवाल्या काकांना बोलवा. या काकांनी बाबांची झेन सतरा वर्षं सांभाळली. नुसता आवाज ऐकून ‘क्लच गेला’ सांगणारा माणूस. आईचं म्हणणं, एवढी महागाची गाडी, कंपनीतच न्या. आणि दादाचं म्हणणं व्हॉट्सअॅपवर, सगळं कॅपिटल अक्षरांत.

शेवटी काका स्कूटरवरून आले. बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत हसले. ‘‘उंदीर आहे तुमच्याकडे. ही बारीक वायर कुरतडलीय बघा.’’ बाबांच्या चेहऱ्यावर ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ असा भाव. पण काकांनी पक्कड बाहेर काढलीच नाही. त्या बारीक वायरला चिकटून जाणाऱ्या जाडजूड नारिंगी केबलवर टॉर्च धरून म्हणाले, ‘‘ताई, बारकी मी पाच मिनिटांत जोडीन. पण हिच्याशेजारी मी हात घालत नाही. मला याचं शिक्षण नाही. कंपनीत न्या.’’

सतरा वर्षांत काकांनी ‘जमणार नाही’ म्हटलेलं बाबांनी पहिल्यांदाच ऐकलं. आणि मला मात्र त्या क्षणी काकांबद्दलचा आदर दुप्पट झाला.

नारिंगीचा फंडा

नंतर मी जरा अभ्यास केला. ही नारिंगी केबल म्हणजे हायब्रिडमधली हाय व्होल्टेज लाइन. साध्या गाडीत बारा व्होल्टची बॅटरी असते, चुकून हात लागला तरी फारसं बिघडत नाही. स्ट्राँग हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज मात्र शेकड्यांत असतं. जीव जाऊ शकतो, सरळ हिशोब आहे. म्हणून तर जगभरातल्या गाडीकंपन्या या केबलला भडक नारिंगी रंग देतात.

काम करण्याआधी किल्ली गाडीपासून लांब ठेवायची, कारण हायब्रिड ‘रेडी’ असेल तर इंजिन बंद दिसत असूनही कधीही आपणहून सुरू होतं. मग हाय व्होल्टेज बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढायचा, हातात इन्सुलेटेड ग्लोव्हज. त्यानंतरही लगेच हात लावायचा नाही. आतल्या कपॅसिटरमधला करंट उतरायला वेळ लागतो, टोयोटाच्या पद्धतीत तर दहा मिनिटं थांबायला सांगितलेलं असतं. मग मीटर लावून व्होल्टेज शून्य झालंय याची खात्री करायची आणि मगच पान्याला हात. ज्या गॅरेजमध्ये ही दहा मिनिटं थांबायला कुणाला वेळ नाही, तिथं तुमची गाडी नको. पोरांच्या जिवाचाही प्रश्न आहे, बॉस!

तुमची हायब्रिड कुठली?

गाडीच्या मागे ‘हायब्रिड’ लिहिलंय म्हणून लगेच घाबरू नका. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक माइल्ड हायब्रिड. मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये आणली तशी. यात छोटी मोटर इंजिनला हात देते, पण नुसत्या करंटवर गाडी चालत नाही. हिचं नेहमीचं सर्व्हिसिंग कुठल्याही चांगल्या गॅरेजला जमतं.

दुसरी स्ट्राँग हायब्रिड, जी सिग्नलवरून आवाज न करता निघते आणि शेजारच्या बाइकवाल्याला दचकवते. होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली, २०१० मध्ये टोयोटाची प्रियस आली, पण किमती ऐकूनच लोक घरी जायचे. खरी गर्दी झाली २०२२ नंतर. होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस या सगळ्या त्याच वर्षी जाहीर झाल्या. हायरायडर आणि ग्रँड विटारा तर सख्ख्या बहिणी, दोघी कर्नाटकातल्या बिदडीच्या कारखान्यातून निघतात. पण वॉरंटीचं काम ज्याचा लोगो त्याच्याच दारात. म्हणजे गाडी घेतानाच बघा, तुमच्या घराजवळ आणि ऑफिसजवळ त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का.

या तिन्ही कंपन्यांच्या स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीवर आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी मिळत आली आहे. गाडीतल्या महागड्या पार्टपैकी तो एक. दादाची झोप याच्यातच अडकलेली!

कॅपुचिनो की कागदी कप?

तर गाडी निघाली कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. निघाली म्हणजे फ्लॅटबेडवर चढून. हायब्रिड ओढून नेऊ नका. मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर फिरली की मोटर करंट तयार करते आणि नुकसान होऊ शकतं. रोडसाइड असिस्टन्सला फोन करताना ‘हायब्रिड आहे, फ्लॅटबेडच पाठवा’ हे आधी सांगा.

पहिलं सेंटर घरापासून जवळ. एसी लाउंज, कॅपुचिनो, भिंतीएवढा टीव्ही. एकदम कूल. सर्व्हिस अॅडव्हायजरने बॉनेटमध्ये डोकावायच्या आधीच टॅबवर एस्टिमेट काढलं. वायरिंग, सर्व्हिसिंग, डिकार्बनायझेशन, इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग, एसी ट्रीटमेंट. एकूण २३,४०० रुपये. वर हळू आवाजात, ‘‘मॅडम, हायब्रिड बॅटरीचंही बघावं लागेल.’’ दादाचं नाव आठवून माझ्या पोटात गोळा.

मी विचारलं, ‘‘गाडीवर काम कोण करणार?’’
‘‘आमचे सगळेच ट्रेन्ड आहेत.’’
‘‘हायब्रिडचं ट्रेनिंग कुणाचं झालंय? त्यांच्याशी बोलता येईल?’’
थोडी शांतता. मग कळलं, तो एकच मुलगा आहे आणि रजेवर आहे. तोवर दुसरा कुणीतरी ‘बघून घेईल’.

काकांचे शब्द आठवले. ज्याचं शिक्षण नाही, त्याने हात घालायचा नाही. गॅरेजमध्ये स्टुलावर बसणाऱ्या माणसाला जे कळतं, ते काचेच्या केबिनला का कळू नये? गाडी उचलली. पुन्हा फ्लॅटबेड, पुन्हा खर्च, बाबांचा पुन्हा ‘काकांना विचार’चा धोशा.

दुसरं सेंटर त्याच कंपनीचं, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पत्र्याची शेड, चहा कागदी कपात, टीव्ही बंद. पण आत एक वेगळी बे. भोवती साखळी, ‘हाय व्होल्टेज, काम चालू’ अशी पाटी, भिंतीवर ग्लोव्हज टांगलेले. टेक्निशियन माझ्याच वयाचा. त्याने किल्ली खिशात टाकली, प्लग काढला, घड्याळ पाहिलं आणि चक्क हाताची घडी घालून उभा राहिला. मी म्हटलं, ‘‘आता?’’ तो म्हणाला, ‘‘आता दहा मिनिटं काही नाही.’’ मला तिथंच हुश्श झालं.

स्कॅनर लावून त्याने बॅटरीचा रिपोर्टही दाखवला. बॅटरी ठणठणीत. उंदराने खाल्लेली सेन्सरची वायर आणि शेड्यूलप्रमाणे सर्व्हिसिंग, बिल ८,९५० रुपये. डिकार्बनायझेशनचं विचारलं तर म्हणाला, ‘‘मॅन्युअलमध्ये आहे का? नाही ना? मग कशाला?’’

म्हणजे धडा काय? ‘कंपनीत न्या’ हे अर्धंच उत्तर. कंपनीच्या कुठल्या सेंटरमध्ये, आणि तिथल्या कुठल्या माणसाकडे, हा खरा प्रश्न.

आणि बाहेरचं गॅरेज?

‘बाहेर हात लावला की वॉरंटी गेली’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की तो कायदाच वाटतो. पण कॉम्पिटिशन कमिशन ऑफ इंडियाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ गाडीकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून. केवळ बाहेर काम केलं एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या कामामुळे बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरतीच नाकारावी, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. त्यामुळे कोर्टाच्या भरवशावर आठ वर्षांची बॅटरी पणाला लावायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी नाही लावणार. दादा ओळखतो मला.

पण म्हणून प्रत्येक कामाला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं का? अजिबात नाही. टायर, अलाइनमेंट, वायपर, पंक्चर, डेंटिंगचं छोटं काम, सगळं जवळच्या विश्वासाच्या माणसाकडे बिनधास्त करा. तीन गोष्टींना मात्र जरा थांबा.

एक, एसी. साध्या गाडीचा कॉम्प्रेसर बेल्टवर फिरतो, स्ट्राँग हायब्रिडचा हाय व्होल्टेज करंटवर. त्यात करंट न वाहणारं खास तेल लागतं. नाक्यावरच्या एसीवाल्याने गॅस भरताना नेहमीचं तेल घातलं तर इन्सुलेशन बिघडतं आणि स्वस्तातला गॅस चांगलाच महागात पडतो.

दोन, ब्रेक. हायब्रिड गाडी वेग कमी करताना मोटरने करंट परत बनवते, त्यामुळे पॅड जास्त टिकतात. म्हणून ‘बदलायची गरज नाही’ म्हणत कुणी चाक काढूनच बघत नाही आणि आपल्या पावसाळ्यात डिस्क गंजते, कॅलिपर अडकतात. साफसफाई हवीच. शिवाय बऱ्याच हायब्रिडचे ब्रेक कॉम्प्युटरवर चालतात, पॅड बदलतानाही स्कॅनर लागतो.

तीन, बॅटरीला हवा देणारी जाळी. बऱ्याच मॉडेल्समध्ये ती मागच्या सीटजवळ असते आणि आपण तिच्यावर जॅकेट, लॅपटॉप बॅग, कुत्र्याचं अंथरूण, काय वाटेल ते टाकतो. धूळ बसली की बॅटरी तापते. फिल्टर साफ केला का, हा प्रश्न प्रत्येक सर्व्हिसला विचारा. जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये सापडेल. हो, ग्लोव्हबॉक्समधलं ते न उघडलेलं पुस्तक!

गाडी टाकण्याआधी हे विचारा

• हायब्रिडचं ट्रेनिंग झालेला टेक्निशियन कोण? आज आहे का? नसेल तर त्याच्या दिवशीची अपॉइंटमेंट घ्या.
• हाय व्होल्टेज कामासाठी वेगळी जागा आणि ग्लोव्हज आहेत का? एकदा बघू द्या म्हणा.
• बॅटरीच्या तपासणीचा रिपोर्ट छापील मिळेल का? दर वर्षीचा जपून ठेवा. वॉरंटीलाही उपयोगी, गाडी विकतानाही.
• एस्टिमेटमधली कुठली कामं मॅन्युअलच्या शेड्यूलमध्ये आहेत? बाकीच्यांवर शांतपणे काट मारा.
• इंजिन ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच आहे का? हायब्रिडला बहुतेकदा खूप पातळ तेल लागतं.
• इन्व्हर्टरचा कूलंट तपासला का? बऱ्याच गाड्यांत तो इंजिनच्या कूलंटपेक्षा वेगळा असतो.
• बॉनेटमध्ये जोरदार पाण्याचा फवारा मारू नका, हे जॉबकार्डवर लिहून घ्या.

गाडी घरी आली. बाबांनी पार्किंगमध्ये उंदरांचा पिंजरा लावलाय आणि रोज सकाळी पेपरच्या आधी तो तपासतात. दादाला बॅटरीचा रिपोर्ट पाठवला, त्यावर फक्त अंगठा आला. आमच्याकडे ही मोठी शाबासकी समजतात.

आणि काका? मिठाईचा पुडा घेऊन गेले होते त्यांच्याकडे. म्हटलं, तुम्ही त्या दिवशी पाच मिनिटांत वायर जोडून पैसे घेऊ शकला असता. ते म्हणाले, ‘‘घेतले असते. पण मग तुमच्या बाबांना तोंड कसं दाखवलं असतं?’’ मागे त्यांचा मुलगा वही उघडून बसला होता. आयटीआयला आहे, ट्रेड मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल. काका त्याच्याकडे हनुवटीने खूण करत म्हणाले, ‘‘त्याचं होऊ द्या पूर्ण. मग आणा दादाची गाडी. तोवर अलाइनमेंट माझ्याकडे.’’

डील फिक्स. ग्लोव्हजची पहिली जोडी माझ्याकडून.